बारा वाजता सुटणारी मैफल

सवाई गंधर्व महोत्सवाला शनिवारी रात्री बारापर्यंत परवानगी मिळते याचा आनंद सगळ्यांना होतो. मला होत नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. माझं म्हणणं असं की, हे जादाचे दोन तास संयोजकांनी खुशाल सोडून द्यावेत आणि त्याच्या बदल्यात रविवारी सकाळी सहा वाजता, कायद्यात बसणाऱ्या अगदी पहिल्या मिनिटाला, तंबोरे लावावेत.

आता हे असलं डोक्यात कुठून आलं ते सांगतो. थोडं लांबेल, पण वीकांत आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे सवाई हे प्रकरण मामामुळे आलं. मामा डोंबिवलीचा, आता सत्तरी ओलांडलेला. सत्तरच्या दशकात तो आणि त्याचे बँकेतले दोन मित्र दर डिसेंबरात पुण्याला जायचे. सतरंजी, थर्मास, माकडटोपी. रात्रभर गाणं ऐकायचं, उजाडल्यावर स्टेशनवर तोंड धुवायचं आणि सकाळच्या डेक्कन क्वीनने परत. गाडीत तिघंही कल्याणपर्यंत मेल्यासारखे झोपायचे. त्या काळी शेवटी पहाटे भीमसेन बसायचे. मामा ते सांगायला लागला की मामी उठून स्वयंपाकघरात जाते, इतक्या वेळा ते आमच्या घरात सांगून झालंय.

हा महोत्सव भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केला, गुरूंच्या स्मरणार्थ. (सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ते १९५२ साली गेले.) २०११ च्या जानेवारीत भीमसेनजीही गेले आणि महोत्सवाच्या नावात तेही आले. वर्षानुवर्षं तो रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. मी स्वतः पाहिलेलं सवाई हे सगळं नव्या पद्धतीचं, म्हणजे दुपारी सुरू होणारं आणि रात्री दहाला संपणारं. रात्रभराचं सवाई बंद झालं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यामुळे 'आमच्या वेळी' वगैरे म्हणायची सोय मला नाही आणि ते एका अर्थी बरंच आहे.

कारण जुन्या मंडळींचा सगळा राग असतो त्या दहाच्या नियमावर. 'कायद्याने गाणं मारलं' हे वाक्य मंडपात दरवर्षी एकदा तरी कानावर पडतं, बहुतेक वेळा वड्याच्या रांगेत. मला हे पटत नाही. नियम २००० सालचा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक नाही. २००५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने तो ठामपणे लागू करायला लावला. ज्या याचिकेवरून तो निकाल आला ती वाचून बघा. एका तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला आणि शेजारच्या लाउडस्पीकरच्या दणदणाटात तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःला जाळून घेतलं. हे वाचल्यावर 'शास्त्रीय संगीत म्हणजे काय डीजे आहे का?' हा युक्तिवाद माझ्या तरी तोंडून निघत नाही. रात्री दोन वाजता ज्याला झोपायचंय त्याच्या दृष्टीने दरबारी आणि डीजे यांत फरक एवढाच, की एकाला तो शिव्या देऊ शकतो आणि दुसऱ्याला द्यायला संकोचतो.

शिवाय आकडे बघा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. दहाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण डेसिबल लॉगरिदमिक असल्यामुळे ध्वनीच्या तीव्रतेत तो दहापट असतो. म्हणजे उघड्या मैदानावर हजारो माणसांना ऐकू जाईल असं गाणं रात्रीच्या मर्यादेत बसवायचं तर गवयाने कानात कुजबुजायला हवं.

तर नियम योग्य आहे. प्रश्न आहे तो नियमातल्या सवलतीचा. २००२ च्या दुरुस्तीप्रमाणे राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस दहाऐवजी बाराची मुभा देऊ शकतं. यातले बहुतेक दिवस गणपती-नवरात्रात जातात हे उघड आहे. एखादा दिवस सवाईच्या शनिवारच्या वाट्याला येतो आणि आपण सगळे कृतकृत्य होतो.

पण त्या दोन तासांत नक्की मिळतं काय?

आपल्याकडे दिवसरात्रीचे आठ प्रहर, प्रत्येकी तीन तासांचे. साधारण दुपारी तीनला सुरू होऊन रात्री दहाला संपणाऱ्या सत्रात भीमपलास-मुलतानीपासून सुरुवात होते, मग पूरिया धनाश्री, मारवा, यमन आणि फार तर बिहाग-बागेश्रीपर्यंत गाडी येते. म्हणून सवाईला यमन भरपूर होतो. पूरिया कल्याण भरपूर होतो. मारुबिहाग तर इतका, की मागच्या रांगेतला माणूस आलाप सुरू व्हायच्या आधीच ओळखतो. बारापर्यंत वेळ मिळाला की दरबारी-मालकंसाचं दार किलकिलं होतं, एवढंच. मध्यरात्रीनंतरचा अडाणा, उत्तररात्रीचा सोहनी, पहाटेचा ललत, उजाडतानाचा भटियार, भैरव, रामकली, मग तोडी, देसकार, आसावरी, जौनपुरी... हे सगळं मंडपाबाहेर. अर्धं घड्याळ गायबच. बारा वाजले काय आणि दहा वाजले काय, गायब झालेलं अर्धं तसंच राहतं.

आता एक कबूल करायला हवं. रागांच्या वेळा हा काही भौतिकशास्त्राचा नियम नाही. कर्नाटक पद्धतीत त्या इतक्या काटेकोरपणे पाळल्या जात नाहीत आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. मी स्वतः रात्री अकराला रिलीज चालू असताना हेडफोनवर तोडी ऐकतो, सर्व्हर पडत नाही. (पडला तेव्हा तोडीमुळे पडला नव्हता.) पण संकेत म्हणजे खोटं नव्हे. लहानपणापासून सकाळी रेडिओवर जे स्वर ऐकले ते सकाळ घेऊनच येतात. थंडीत कुडकुडत, आजूबाजूला हळूहळू उजाडत असताना कोणी भैरवातला कोमल रिषभ हलवत ठेवला तर त्याचं काय होत असेल हे मला मामाच्या सांगण्यावरूनच माहीत आहे. सहा वाजताचं आभाळ ही काही मंडपात लावता येणारी लाइटिंग नाही.

हे झालं गाण्याचं. आता घाटाचं.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही तिघं शनिवारला गेलो होतो. मी, ऑफिसातला एक मित्र आणि मामा. मामाला बाराचा शेवट गाठायचा होता, 'दरबारी झाला तर?' या एका आशेवर. आम्ही भारतीय बैठकीत, तो मागे खुर्चीवर, कारण आता गुडघे. दरबारी झाला नाही. जे झालं ते उत्तम झालं, तक्रार नाही. पार्किंगमधून गाडी बाहेर काढेपर्यंत पाऊण वाजला. मित्र म्हणाला, पुण्यात राहू. राहायचं कुठे? दीड हजाराचं हॉटेल सवाईच्या शनिवारी दीड हजाराला मिळत नाही. स्वारगेट तिथून हाकेच्या अंतरावर, पण सत्तरीच्या माणसाला घेऊन त्या वेळी एसटीची वाट बघायची? निघालो. मंडपाबाहेर बघितलं तर ठाण्या-मुंबईच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची रांगच लागलेली. म्हणजे हा हिशोब करणारे आम्ही एकटे नव्हतो.

कामशेतपर्यंत आभाळ लख्ख. खरं तर तिथेच शंका यायला हवी, कारण हिवाळ्यातलं धुकं अशाच रात्री पडतं. ढग नसले की जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, जमीन गार, तिच्यावरची हवा गार, आणि लोणावळ्याच्या आसपास पवना, वळवण, तुंगार्ली अशी धरणं असल्याने ओलाव्याला तोटा नाही. लोणावळ्याच्या पुढे आधी दिव्यांभोवती कडी दिसायला लागली. मग दिवेच दिसेनात. खंडाळ्याच्या उतारावर तर कापूस पिंजून रस्त्यावर टाकावा तसं झालं. मला दिसत होती ती डावीकडची पांढरी पट्टी, तीही दोन-तीन तुकडेच. मामा पुढच्या सीटवर होता. मी म्हटलं, "मामा, तू झोप जरा." तो म्हणाला, "तू रस्त्याकडे बघ." आणि मग घाटभर तो फक्त एवढंच म्हणत राहिला, "पट्टी आहे... आहे... आहे... डावीकडे वळतेय."

इथे थोडा तांत्रिक घोळ घालतो. दिसत होतं वीस मीटर. ओल्या रस्त्यावर गाडीचा वेग सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी २९ किलोमीटर असेल, तर पाय ब्रेकवर पोचायच्या दीड सेकंदात १२ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर थांबायला आणखी साधारण ८. झाले वीस. उतारावर त्याहून जास्तच. म्हणजे दिसतंय त्या अंतरात थांबायचं असेल तर तिशीच्या वर जाताच येत नाही, गाडी कितीही भारी असो. हेच ताशी साठने केलं तर नुसत्या त्या दीड सेकंदात २५ मीटर संपतात. म्हणजे समोरची वस्तू दिसली, तुम्ही दचकलात, आणि ब्रेकला पाय लागायच्या आत तिला जाऊन धडकलात.

तरी आमच्या बाजूने साठने गाड्या जात होत्या. बहुतेकांचे अप्पर लाईट लागलेले आणि चारी इंडिकेटर उघडझाप करत. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे लोक सुरक्षिततेसाठी म्हणून करतात. अप्परचा झोत धुक्याच्या थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो, दिसत होतं तेही दिसेनासं होतं. डिप्पर खाली पडतो, फॉग लॅम्प त्याहून खाली, म्हणून रस्ता थोडा तरी दिसतो. (पिवळा दिवा धुक्यातून जास्त आरपार जातो, ही एक आवडती दंतकथा. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच मोठे असतात, त्यांना पिवळा काय, पांढरा काय, जवळपास सारखेच.) आणि चारी इंडिकेटर लावून गाडी पळवली की मागच्याला कळतच नाही की तुम्ही लेन बदलताय, थांबलाय की नुसतेच घाबरलाय. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी असतात. खरोखर थांबलेली गाडी पुढे आली तर तिने मग वेगळं काय लावायचं?

तीच आली. मधल्या लेनमध्ये अर्धा आत आलेला ट्रेलर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. आधी दिसलं ते एक पांढरं ठिपक्यासारखं काहीतरी, वर-खाली होणारं. ट्रेलरचा क्लीनर होता, विशीच्या आतलाच असेल, मोबाईलचा टॉर्च हलवत रस्त्यावर उभा. आम्ही पंचविशीत होतो, थांबलो. दोन गाड्या मावतील एवढं अंतर उरलं. मागून अप्परवाला एक जण आला तो हॉर्न दाबत उजवीकडून निघून गेला, त्या मुलाच्या इतक्या जवळून की त्याची मफलर उडाली. मुलगा जागचा हलला नाही. टॉर्च हलवतच राहिला. मित्राने खिडकीतून ओरडून त्याला कठड्यापलीकडे जायला सांगितलं आणि महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मामाने आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर सणसणीत शिवी दिली. कुणाला ते कळलं नाही.

घाट उतरून खाली आलो तर धुकं एकदम संपलं, जसं काही नव्हतंच. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, खोपोली शंभराच्याही खाली. त्या उतारात ऋतूच बदलतो. पहिल्या फूड मॉलला गाडी लावली आणि ठरवलं, आता उजाडल्याशिवाय हलायचं नाही. धुकं संपलं असलं तरी पहाटे दोन ते सहा ही माणसाला सगळ्यात जास्त झोप येण्याची वेळ, आणि आम्ही पहाटे सातपासून जागे. चहा झाला, आणखी एक झाला. चारच्या सुमाराला मामाने फोनवर ललत लावला. म्हणाला, "आता खरी वेळ झाली बघ." आणि तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागला. ललत आम्ही दोघांनी ऐकला. दोन्ही मध्यम एकापाठोपाठ यायला लागले तेव्हा बाहेर ट्रकवाले काचा पुसत होते. मी ऐकलेला सगळ्यात चांगला ललत तोच, आणि तोही एका फूड मॉलच्या पार्किंगमध्ये, फोनच्या स्पीकरवर!

तर मुद्दा हा. रात्रभराच्या सवाईत एक शहाणपण होतं, जे कुणी मुद्दाम आखलेलं नव्हतं. लोक अंधारात आत जायचे आणि उजेडात बाहेर पडायचे. दहाला संपणाऱ्या सवाईतही ते थोडंफार आहे. साडेदहाला निघालात तर साडेबाराच्या आत घाट उतरता, अजून डोळे उघडे असतात. बाराचा शेवट मात्र बाहेरगावच्या माणसाला नेमका दीड-दोनला घाटाच्या तोंडावर आणून सोडतो. मुंबईकराला बोरघाट, सातारकराला खंबाटकी, नाशिककराला माळशेज नाही तरी चंदनापुरीचा घाट आहेच. पुण्याला यायच्या बऱ्याच वाटांवर कुठला ना कुठला घाट चुकत नाही. 'ज्याने त्याने आपलं बघावं, संयोजकांचा काय संबंध?' असं म्हणता येईल. कायद्याने नाहीच संबंध. पण ज्या महोत्सवाला गावोगावचे लोक वर्षाची रजा राखून येतात, त्याच्या वेळा ठरवताना ते घरी कसे जाणार हा विचार करणं म्हणजे फार मोठं काही मागणं नव्हे.

सकाळी सहाला येणार कोण, हा पहिला आक्षेप. याचं उत्तर दिवाळीत मिळतं. दिवाळी पहाटेला साडेपाच-सहाला पुण्यातली नाट्यगृहं आणि बागा भरतात, तेही अभ्यंगस्नान उरकून, रेशमी झब्बे घालून. तेच लोक सहा-सात आठवड्यांनी एका रविवारी उठू शकणार नाहीत? कलाकारांचा गळा सकाळी उघडत नाही, हा दुसरा. अहो, त्यांची खर्जाची मेहनतच पहाटेची असते. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. रविवारी दुपारी बारापासून सत्र असतंच, त्याआधी सकाळचं ठेवलं तर ध्वनियोजनेवाल्यांनी, पोलिसांनी, सतरंज्या झटकणाऱ्यांनी झोपायचं कधी? म्हणूनच म्हणतोय की शनिवार दहाला संपवा. बाराला संपवून सहाला सुरू करणं हे आमच्या क्षेत्रात चालतं, माणसांच्या नाही.

ज्यांना मध्यरात्रीचा दरबारीच हवा त्यांच्यासाठीही वाट आहे, आणि तीही नियमातच. बंदिस्त सभागृहाला दहाची मर्यादा नाही, आवाज बाहेर गेला नाही म्हणजे झालं. हजार खुर्च्यांच्या एखाद्या नाट्यगृहात वर्षातून एक रात्र, दहा ते सहा, आणि दारं उघडायची ती उजाडल्यावरच. सवाईएवढी गर्दी होणार नाही. न होऊ दे. मालकंसाला हजार माणसं कमी नाहीत.

मागच्या महिन्यात मामाला ही सगळी योजना ऐकवली. मला वाटलं होतं तो खूश होईल, निदान डेक्कन क्वीनची गोष्ट पुन्हा सांगेल. त्याने शांतपणे शेंगदाणे संपवले आणि म्हणाला, "आम्ही रात्रभर बसायचो ते काय फक्त ललत ऐकायला? परतीला गाडी नसायची म्हणून बसायचो." मी म्हटलं, "मग सकाळी सहाचं सत्र ठेवलं तर येशील की नाही ते सांग."

"येईन की," तो म्हणाला. "पण आदल्या रात्री दहानंतर पुण्यात झोपायचं कुणाकडे ते आधी ठरव. तुझ्या मावशीकडे मी जाणार नाही."